दोन वाजून वीस मिनिटं

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. पूर्वी हे कधी लक्षात आलं नव्हतं. गेल्या चार वर्षांत रात्री-अपरात्री त्याच्यासमोर इतका बसलोय की सेकंदकाटा आठावरून नवावर चढताना किंचित अडखळतो, हेही आता ठाऊक झालंय. सेल बदलून पाहिला. तरी अडखळतोच.

त्या घड्याळात दोन पंचवीस म्हणजे खरे दोन वीस. माझ्या पोटाची वेळ.

पहिली रात्र आषाढातली. आमचं गाव गोव्यात, डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठाला. वीज संध्याकाळीच गेली होती, पावसाळ्यात आमच्याकडे जाते तशी, परत कधी येणार ते न सांगता. मासेमारी बंदीचे दिवस, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे ताजी मासळी नाही. बायकोनं सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर केली होती आणि मी ती दोनदा वाढून घेतली होती. तेव्हा मध्यरात्री जाग आली आणि बेंबीच्या वर चार बोटांवर कुणीतरी ओला पंचा पिळतंय असं वाटलं, तेव्हा पहिला आरोपी किसमूरच ठरली. पंचा पिळायचा, थोडा सैल सोडायचा, पुन्हा पिळायचा. मी अंधारात पाय पोटाशी घेऊन पडलो. पावसाचा आवाज इतका होता की कण्हलो असतो तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. पावणेचारला दुखणं गेलं. हळूहळू नाही, बसमधून माणूस उतरून जावा तसं गेलं.

दुसऱ्या दिवशी पेज जेवलो. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या रात्री पुन्हा पंचा.

किसमूर निर्दोष सुटली, पण तिचा आमच्या घरातला मान काही परत आला नाही. एकदा नाव घेतलं गेलं की पदार्थाचंही तसंच होतं, माणसासारखं.

पोटदुखी हा असा आजार आहे की त्यावर प्रत्येकाकडे औषध असतं. दातदुखीला लोक फार तर लवंग सांगतात. पोटाला मात्र सगळा गाव वैद्य होतो. आईनं ओवा चावायला दिला, हिंगाचा लेप करून बेंबीभोवती लावला. मग फळीवरच्या डब्यातून मुरुडशेंग काढली. ही शेंग ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सुतळीचे पाच-सहा पेड घट्ट पिळून वाळवावेत तशी दिसते. पोटात मुरडा येतो, शेंगही मुरडलेली, म्हणून ही त्याच्यावरच असणार, असा जुन्या माणसांचा हिशेब. बाळघुटीत ती उगाळतात. पन्नाशीच्या मुलासाठी आई सहाणेवर मुरुडशेंग उगाळत बसली होती, आणि मी समोर पाटावर, हे दृश्य बायकोला हसू आवरेना इतकं गंमतीचं वाटलं. मलाही वाटलं असतं, पण रात्र जवळ येत होती.

शेजारच्या म्हाताऱ्या मिंगेलबाबनी (हे खरं नाव नव्हे) कुंपणावरून एक छोटी बाटली दिली. काजूची फेणी, त्यांच्या स्वतःच्या भट्टीची. एक चमचा, साखर घालून. त्यांच्या घरी तीन पिढ्या पोटावर हेच चालतं म्हणे. मी घेतली. दुखणं गेलं नाही, पण त्या रात्री मला त्याचा राग आला नाही, एवढा गुण मान्य केला पाहिजे.

वहिनी देवळात जाऊन आली. आमच्याकडे प्रसाद लावतात, देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवून, आणि कुठली पाकळी आधी पडते त्यावरून उत्तर घेतात. उजवी पडली. म्हणजे काळजीचं कारण नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या वर्षभरात मी जिथे जिथे गेलो तिथे तिथे उजवीच पाकळी पडत गेली.

गावच्या डॉक्टरांनी गॅस म्हणून पॅन्टोप्राझोल दिलं, सकाळी उपाशीपोटी एक. महिनाभरानं सोनोग्राफी. तिच्यात यकृतावर थोडी चरबी निघाली, जी आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या रिपोर्टात असते. रक्त, लघवी, शौच, सगळं तपासून झालं. मग एन्डोस्कोपी. घशात बधिर करणारा फवारा मारतात तेव्हा आपली जीभ दुसऱ्या कुणाची तरी आहे असं वाटतं. जठर स्वच्छ. अल्सर नाही, जंतू नाहीत. मग सीटी स्कॅन. मग कोलोनोस्कोपी, जिच्या आदल्या रात्रीबद्दल मी एवढंच म्हणेन की लिटरच्या लिटर खारट पाणी पिऊन मी दोन वीसची वाट न बघताच जागा होतो.

सगळं नॉर्मल.

नॉर्मल हा शब्द ऐकून रडू येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. बायकोनं पेढे आणले. मी पेढा खाल्ला आणि मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. काहीतरी निघावं असं मला वाटत होतं, हे कबूल करायला अजून लाज वाटते. मोठं नको, लहानसं. एखादा खडा. पित्ताशयात खडा असलेल्या माणसाला लोक विचारतात, खडा कसा आहे? त्याच्या दुखण्याला आकार असतो, मिलिमीटर असतात. माझ्याकडे फक्त एक वेळ होती, घड्याळातली.

आणि मग ते वाक्य आलं. एका खासगी दवाखान्यात, जाडजूड फाईल चाळून झाल्यावर, मोबाईलकडे बघत: "मनाचं आहे सगळं. टेन्शन घेऊ नका."

मी टेन्शन घेऊ नका या उपचाराची फी भरून बाहेर आलो.

मला तेव्हा एक उत्तर द्यायला हवं होतं, ते घरी आल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे. अल्सरचंही असंच होतं. कित्येक दशकं डॉक्टर अल्सरच्या रोग्यांना सांगत आले की चिंता कमी करा, तिखट कमी खा. मग ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांना जठरात एक वेटोळा जंतू सापडला. जठराच्या आम्लात जंतू जगतील कसे म्हणून कुणी ऐकेना. १९८४ मध्ये मार्शलनं त्या जंतूंचा पेलाच पिऊन टाकला, आजारी पडला, आणि स्वतःच्या जठराच्या तुकड्यातून तो जंतू काढून दाखवला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. लाखो माणसांचं मनाचं दुखणं अँटिबायोटिकनं बरं होणारं निघालं. तेव्हा मनाचं आहे म्हणण्याआधी जरा दमानं घ्यावं, एवढंच मला म्हणायचं होतं.

पण रात्री दोन वीसला माणूस स्वतःशी खोटं बोलू शकत नाही. मनाचं असेलही, असं वाटायचं. मन म्हटलं की आमच्याकडे ट्रक येतो. आमच्या भागात खाण म्हणजे सगळं होतं. माझ्या भावाचा ट्रक होता, कर्जावर, आणि जामीन मी. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. मधे थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा थांबल्या. दारात उभ्या ट्रकच्या टायरांभोवती गवत वाढताना मी पाहिलंय. तेव्हा माझं पोट दुखायला हवं होतं. तेव्हा मी घोड्यासारखा झोपत असे. दुखायला लागलं ते ट्रक विकून, शेवटचा हप्ता भरून, बँकेकडून कागद परत आणल्यावर वर्षभरानं. ज्यांना ज्यांना मी ही ट्रकची गोष्ट सांगितली त्यांनी मान हलवून "बघ, तेच ते" म्हटलं. मला ते पटत नाही. गोष्टीत बसतं म्हणून खरं, असं पोटाचं नसतं.

पणजीतल्या त्या वयस्क डॉक्टरबाईंकडे मी गेलो तो आणखी एक नॉर्मल ऐकायच्या तयारीनं. त्यांनी फाईल बाजूला ठेवली. टेबलावर उताणं झोपवलं, दुखतं तिथे एक बोट दाबून धरलं आणि म्हणाल्या, हात न टेकता डोकं उचला. उचललं. दुखणं वाढलं का? उलट कमी झालं. "मग आतलं आहे," त्या म्हणाल्या. ही साधी तपासणी कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जननं १९२६ मध्ये सांगितलेली. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर ते आतड्याचं नसून पोटाच्या भिंतीचं असू शकतं. एखादी नस स्नायूत अडकलेली असते, आणि लोक वर्षानुवर्षं आतल्या तपासण्या करत फिरतात. माझं तसं नव्हतं. पण चार वर्षांत माझ्या पोटाला बोट लावणाऱ्या त्या दुसऱ्याच डॉक्टर. बाकीच्यांनी पडद्यावर पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, "दुखतं म्हणून जाग येते, की जाग येते आणि मग दुखायला लागतं?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. मला माहीत नव्हतं.

"हे महत्त्वाचं आहे," त्या म्हणाल्या. झोपेतून खेचून उठवणारं दुखणं आम्ही हलकं धरत नाही, म्हणून तुमच्या सगळ्या तपासण्या झाल्या ते बरंच झालं. वजन उतरायला लागलं, शौचातून रक्त गेलं किंवा ती डांबरासारखी काळी झाली, ताप आला, डोळे पिवळे झाले, उलटी थांबेना, पोट फळीसारखं कडक झालं, किंवा दुखणं बेंबीपासून सरकत उजवीकडे खाली जाऊन बसलं, तर वही-बिही बाजूला ठेवायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी. आणि ती पेनकिलर बंद. (मी मधे आठ-दहा रात्री कंबरदुखीच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्या जठराच्या अस्तराला सोलतात. म्हणजे मी आगीवर रॉकेल ओतत होतो.)

वही त्यांनीच सांगितली. काय जेवलात ते नको, म्हणाल्या, ते सगळेच लिहितात आणि शेवटी पेज तेवढी उरते. जाग आली ती वेळ, दुखायला लागलं ती वेळ, आणि कसं दुखतं ते.

कसं दुखतं. इथे मी अडलो. दवाखान्यातल्या फॉर्मवर शून्य ते दहा असा आकडा मागतात. मी सहा लिहायचो, कारण सात म्हटलं तर कांगावा वाटेल आणि पाच म्हटलं तर घरी पाठवतील. कॅनडात रोनाल्ड मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली केली, तिच्यात आकडे कमी आणि शब्द जास्त, अठ्ठ्याहत्तर. रोग्यांच्या तोंडून येणारे शब्द. ते वाचल्यावर मला आमच्या भाषेचा अभिमान की काय तो उफाळून आला आणि मी वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली. कळ. शूळ. मुरडा. पीळ. ठणका. तिडीक. चमक. उसण. रग. ठसठस. जळजळ, मळमळ, कालवाकालव. गोळा येणं. गुबारा धरणं. कुरतडल्यासारखं. ओढल्यासारखं. खड्डा पडल्यासारखं.

आणि यादी करता करता लक्षात आलं की हे एकाच गोष्टीचे शब्द नाहीत. कळ येते आणि जाते. ठणका येत नाही, तो असतो. तिडीक धावते. रग साचते. चमक भरते, पण ती पोटात नाही, पाठीत किंवा छातीत. ठसठस गळवाची, तिला नाडीचा ताल असतो. कालवाकालव दुखत नाहीच, तरी माणूस बसत नाही. मी चार वर्षं डॉक्टरांना नुसतं "दुखतं" सांगत होतो. जणू घर लुटलं गेलंय आणि मी पोलिसांना सांगतोय, काहीतरी गेलं.

माझा होता पीळ. पहिल्या रात्रीच्या ओल्या पंच्याला मी नकळत बरोबर नाव दिलं होतं.

ती वही डॉक्टरबाईंनी चष्मा लावून पानन्‌पान वाचली. आतडं कापलं तरी दुखत नाही, त्या म्हणाल्या. ताणलं, पिळलं की दुखतं. आणि तिथल्या नसा विरळ, त्यामुळे मेंदूला गावाचं नाव कळतं, घर कळत नाही. बोट दाखवून इथेच म्हणता येत नाही, तळहात फिरवावा लागतो. पोट रिकामं असलं की दीड-दोन तासांनी आतड्यातून एक लाट जाते, उरलंसुरलं पुढे ढकलणारी. रात्रीची झाडलोटच ती. प्रत्येकाच्या पोटात होते आणि कुणाला पत्ता नसतो. पण काही जणांच्या नसा हळव्या होतात. एखाद्या साध्या संसर्गानंतर होतात, कधी काहीच कारण सापडत नाही. मग जी लाट इतरांना कळतही नाही तिला त्यांचा मेंदू पीळ म्हणून वाचतो. आतड्यात लहानसा फुगा फुगवून हे तपासलंय. हळव्या पोटाच्या माणसाला तो कितीतरी आधी दुखतो. "खोटं दुखत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच दुखतं. फक्त तिथे मोडलेलं काही नाही."

एवढंच वाक्य. मी पणजीच्या उन्हात बाहेर आलो तेव्हा पाय हलके झाले होते, आणि मला ठाऊक होतं की रात्री दुखणारच आहे.

वहीतल्या एकवीस रात्रींपैकी नऊ रात्री जाग आली होती. त्यांतल्या सात रात्री आधी जाग, मग दोन-तीन मिनिटं काहीच नाही, आणि मग पीळ. जणू तो दाराबाहेर उभा होता, मी उठायची वाट बघत. किंवा मी त्याला शोधत जात होतो: आहेस का? आहे. अंधारात जीभ जशी किडलेल्या दाताकडे जाते.

बसला वेळ होता म्हणून जुन्या सचिवालयापाशी गेलो. तिथे आबे फारिया उभा आहे. गोव्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलानं हा पुतळा पाहिलेला असतो आणि प्रत्येकाला तो भुताचा वाटलेला असतो: झग्यातला एक माणूस, हात पुढे पसरलेले, आणि त्याच्यासमोर मागे कोसळत चाललेली एक बाई. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५ चा. फारिया आमच्या कांदोळीचा, १७५६ चा जन्म. बापाबरोबर पोर्तुगालला गेला, रोममध्ये पाद्री झाला, शेवटी पॅरिसात लोकांना डोळे मिटायला लावून "झोपा" म्हणू लागला. संमोहन करणारे तेव्हा सांगत की आमच्या हातातून चुंबकीय प्रवाह वाहतो. फारिया म्हणाला, प्रवाह वगैरे काही नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडतं, माझा फक्त शब्द. १८१९ मध्ये गरिबीत मेला.

त्याची एक दंतकथा आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि वाचाच बसली. तेव्हा बाप खालून कोंकणीत कुजबुजला, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. म्हणजे समोर बसलेत ते सगळे भाजीपालाच समज. आणि पोरगा सुटला. घरच्या बोलीतल्या तीन शब्दांनी बसलेला गळा सुटतो. खरं असो नसो.

त्या पुतळ्यापाशी यायचं कारण असं की डॉक्टरबाईंनी जाता जाता मँचेस्टरची गोष्ट सांगितली होती. तिथे पीटर व्होरवेल नावाच्या डॉक्टरनं आतड्याच्या अशाच दुखण्याच्या, कशानंच बरं न वाटलेल्या तीस रोग्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना संमोहन दिलं, बाकीच्यांना बोलणं आणि नुसती साखरेची गोळी. संमोहनवाल्यांना कितीतरी जास्त फरक पडला. तो निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला १९८४ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी पर्थला एक माणूस जंतू पिऊन सांगत होता की पोटाचं दुखणं मनाचं नाही, त्याच वर्षी मँचेस्टरला दुसरा दाखवत होता की पोट शब्दानं शांत होऊ शकतं. दोघंही बरोबर. मी फारियासमोर कठड्यावर बसून याचा कितीतरी वेळ विचार केला आणि माझी बस चुकली.

बाईंनी मला शिकवलं ते काही पुरतं संमोहन नव्हे. दोन्ही तळवे पोटावर ठेवायचे, ऊब येऊ द्यायची, आणि डोळ्यांसमोर नदी आणायची. संथ वाहणारी, कुठे न अडणारी. पोट म्हणजे ती नदी.

पहिल्याच रात्री घोटाळा झाला. माझ्या डोळ्यांसमोर नदी येते ती मांडवी, आणि आमच्या धक्क्यावरची मांडवी दिवसातून दोनदा उलटी वाहते. समुद्र इतका आत येतो. लहानपणी आम्ही भरती लागली की झावळ्या पाण्यात टाकायचो, त्या डोंगराकडे जायच्या. मालाच्या बार्जी भरती बघून निघायच्या. एकाच दिशेला वाहणारी नदी मला आणताच येईना. आणली तर ती चित्रातली वाटायची, कॅलेंडरवरची. आणि माझी खरी नदी डोळे मिटले की थबकायची, तळहातांखाली फुगायची, आणि उलटी फिरायची, पीळ घेऊन.

पुढच्या खेपेला मी हे बाईंना सांगितलं, चूक कबूल केल्यासारखं. त्या खूप हसल्या. "मग उलटी वाहू दे की. सहा तासांनी फिरेलच."

सहा तास नाही लागत. तळवे ठेवतो, पीळ येतो, आता भरती लागली म्हणतो. पाणी चिखलाच्या कडेला चढतं, खेकड्यांची बिळं बुडतात, धक्क्याची तिसरी पायरी जाते, दुसरी जाते. मग एक वेळ अशी येते की नदी कुठेच जात नाही. पाण्यावरचं पान जागच्या जागी गोल फिरतं. आणि मग पान सरकायला लागतं, पणजीकडे. कधी वीस मिनिटांत, कधी तासानं. कधी जमत नाही, मग उठतो, रबरी पिशवीत गरम पाणी भरतो आणि पुन्हा घड्याळासमोर बसतो. एक मात्र आहे: खरी भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. माझे दोन वीस जागचे हलत नाहीत.

गोळीही आहे, लपवत नाही. रात्री झोपताना दहा मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन. औषधाच्या दुकानातल्या ओळखीच्या पोरानं चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे नजर वर करून पाहिलं, कारण हे डिप्रेशनचं औषध. इतक्या लहान मात्रेत ते नसांचा हळवेपणा उतरवायला देतात, मन खचलेलं असो नसो. त्याला हे दुकानात समजावत बसलो नाही. तोंड कोरडं पडतं. पण नऊच्या जागी आता तीन-चार रात्री.

आई एकोणऐंशीची आहे. मी स्वयंपाकघरात बसलो की थोड्या वेळानं ती भिंतीला धरत येते. "कितें रे, परत?" एवढंच विचारते. मग गॅस पेटवते, टोपात पाणी ठेवते, माझ्यासमोर बसते. आम्ही बोलत नाही. मुरुडशेंगेचा डबा तिनं फळीवरून खाली काढून ठेवलाय, हाताशी, पण उगाळत नाही.

डॉक्टरबाईंचा प्रश्न मी एकदा तिला विचारला. "आई, तुला जाग कशानं येते गे? गुडघे दुखतात म्हणून?"

"तू उठतोस म्हणून," ती म्हणाली. जणू मी विचारलं होतं, पावसात भिजायला कशानं होतं.

परवा रात्री जाग आली. पडून राहिलो. दोन मिनिटं गेली, पाच गेली. तळवे पोटावर होते, खाली काही नव्हतं. ऊब फक्त. वहीत लिहायचं म्हणून मोबाईल पाहिला: दोन चोवीस. कूस बदलणार तेवढ्यात स्वयंपाकघरात लायटरची टिकटिक ऐकू आली, एकदा, दोनदा, मग गॅसचा भपका.

गेलो. आई बसली होती, टोपातलं पाणी तापत होतं.

"कितें रे, परत?"

"ना गे. आज नाही दुखत."

"मग उठलास कशाला?"

मी काही बोललो नाही. तिनं पाणी दोन पेल्यांत ओतलं.